घासाच्या कटर बारची पाती: धार लावत राहावे, एकेक बदलावे की पूर्ण संच बदलावा?

लसूणघासासाठी कटर बारचे, म्हणजे एका पट्टीवर ओळीने बसवलेली पाती डावीउजवीकडे सरकवून कापणारे यंत्र वापरणाऱ्या दूध उत्पादकापुढे पात्यांचा प्रश्न गहू कापणाऱ्यापेक्षा लवकर आणि वारंवार उभा राहतो. गव्हाचे रीपर हंगामात काही दिवस चालते आणि मग शेडमध्ये जाते. घासाची पहिली कापणी पेरणीनंतर 50 ते 55 दिवसांनी झाली, की पुढे दर 25 ते 30 दिवसांनी तोच वाफा पुन्हा कापणीला येतो, आणि जनावरांना रोज हिरवे लागत असल्यामुळे यंत्र जवळजवळ दररोज सकाळी थोडे तरी चालतेच. दौंड तालुक्यात मुठा कालव्याच्या पाण्यावर माझा घास आहे आणि पाती झिजल्यावर ज्या तीन वाटा असतात, त्या तिन्ही मी वापरून पाहिल्या आहेत: आहेत त्या पात्यांना धार लावत राहणे, खराब होईल तेवढेच पाते बदलणे आणि पूर्ण संच एकदम बदलणे.

धार लावण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. घरी ग्राइंडर असेल तर खर्च नावालाच येतो आणि काम त्याच दिवशी उरकते. कोवळ्या, दवाने ओल्या घासाला गुळगुळीत धारेचे पाते चांगले चालते आणि वारंवार धार लावून घेण्याजोगे पातेही तेच. दातेरी पाते गव्हाच्या काडीला पकड देते, पण घासाचा चिकट रस त्याच्या दात्यांत साचतो, आणि दाते असलेल्या बाजूवर दगड फिरवला तर दातेच निघून जातात. गुळगुळीत पात्यालाही मर्यादा आहे. बहुतेक पात्यांत रिव्हेटभोवतीचा भाग मऊ ठेवून फक्त काठाचा पट्टा पाणी देऊन कडक केलेला असतो. तो पट्टा घासून संपला, की धार लागलेली दिसते खरी, पण टिकत नाही. ग्राइंडरवर पाते दाबून धरल्यामुळे काठ निळा पडला, तर उष्णता 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलेली असते आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते. त्यामुळे हलक्या हाताने, मधूनमधून पाते पाण्यात बुडवत आणि मूळचा उतार राखत ज्याला धार लावता येते, त्याने ही वाट अवश्य धरावी, मात्र पात्याचे टोक अरुंद होऊ लागेपर्यंतच.

खराब होईल तेवढेच पाते बदलण्याची पद्धत आपल्याकडे सर्वाधिक रूढ आहे आणि वरवर पाहता तीच सर्वांत काटकसरीची वाटते. पाती सारखी झिजत नाहीत, हे तर खरेच आहे. वाफ्याच्या कडेला वरंब्याची माती खाणारी बाहेरच्या टोकाची दोन-तीन पाती नेहमी आधी जातात, आणि एखादा दगड किंवा तारेचा तुकडा मध्यावरच्या एखाद्या पात्याचा टवका काढतो. तेवढेच काढून नवे बसवावे, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला, तो नेमका याच पद्धतीतून येतो.

तो त्रास म्हणजे मागे राहणारा पट्टा. यंत्र पुढे गेल्यावर वळून पाहावे, तर कापलेल्या वाफ्यात मनगटाएवढ्या रुंदीची घासाची एक ओळ, शेंडे किंचित पुढे झुकवून, वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी असते. झिजलेल्या पात्यांच्या रांगेत वेगळ्या जाडीचे नवे पाते आले, आणि दाबून धरणारी क्लिप त्याच्या जाडीला जुळवून घेतली, की शेजारचे पातळ पाते फिंगरमधल्या, म्हणजे पुढे आलेल्या लोखंडी बोटांमधल्या, स्थिर पात्यावर पुरते टेकत नाही. दोघांमध्ये फट पडते आणि त्या फटीत काडी कापली न जाता दुमडते. क्लिप जुन्या पात्याला जुळवावी, तर नवे पाते अडखळते आणि पट्टी गरम होते. हा पट्टा मग विळ्याने कापावा लागतो, म्हणजे ज्या मजुरीतून सुटका व्हावी म्हणून यंत्र आणले, तीच मजुरी यंत्राच्या मागे चालवावी लागते. तो तसाच सोडला, तर पुढच्या कापणीच्या वेळी त्या ओळीला फुले आलेली असतात, तिचे देठ निबर झालेले असतात आणि गाई ते गव्हाणीत बाजूला सारतात. शिवाय दुमडलेल्या काड्या फिंगरमध्ये गुंततात. त्या काढताना इंजिन पूर्ण बंद करावे, क्लचवर विसंबू नये, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

पूर्ण संचाचा खर्च एकदम अंगावर येतो, हा त्याच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. रिव्हेट छिनीने तोडून नवे ठोकण्यात अर्धा दिवस जातो. नटबोल्टची पाती असतील, तर हे काम बरेच सोपे होते. पण सगळी पाती एकाच बनावटीची आणि एकाच जाडीची असली, की क्लिपा एकदा जुळवल्यावर बरेच दिवस हात लावावा लागत नाही, पट्टा राहत नाही आणि उतरवलेल्या संचातली चांगली पाती निवडून, धार लावून, दुसऱ्या पट्टीवर अडीअडचणीसाठी तयार ठेवता येतात. क्षेत्र दहा-बारा गुंठ्यांचेच असेल, तर एवढा खटाटोप कदाचित परवडणार नाही. एकरभराच्या पुढे मात्र मला हीच वाट सोयीची वाटते. सुटी पाती लागलीच, तर पुण्याला जाताना जुने पाते आणि रिव्हेट दोन्ही सोबत न्यावीत, कारण दुकानात नुसते बघून जाडी ओळखता येत नाही.

संच बदलण्याची वेळ मी पाती पाहून ठरवत नाही, कापून झालेले बुडखे पाहून ठरवतो. जमिनीपासून पाच-सात सेंटिमीटरवर देठ सपाट कापलेला दिसला, तर पात्यांत दम आहे. देठ चिरलेला, तंतू लोंबणारा किंवा खोडच हललेले दिसू लागले, की त्या जागी फुटवा उशिरा येतो आणि पुढची कापणी एकसारखी मिळत नाही. बांधावरच्या चार काड्यांवरून मात्र निष्कर्ष काढू नये, वाफ्याच्या मध्यावर पाहावे.

ड्रमवर फिरणाऱ्या पात्यांच्या यंत्राला हे सगळे लागू होत नाही. तेथे एका ड्रमवरची पाती तोल राखण्यासाठी एकत्रच बदलायची असतात आणि त्यांच्या बोल्टची झीजही त्याच वेळी तपासायची असते.

कटर बारचा संच बदलण्याचे ठरलेच, तर फिंगरमधल्या स्थिर पात्यांच्या कडेवरून आधी नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही आणि कड गोल लागली, तर तीही त्याच वेळी बदलून घ्यावीत. ती गोल झालेली असताना वरचे नवे पातेही काडी दुमडवतेच. शेवटी पट्टी हाताने एका टोकाला सरकवून पात्याचे टोक फिंगरच्या बरोबर मध्यावर येते का, हे पाहून मगच इंजिन सुरू करावे.