ब्रिटिश म्युझियमचं ऑनलाइन कलेक्शन: लॉकडाऊनमधला वर्षभराचा अनुभव

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आमचा मुलगा तिसरीतून चौथीत गेला. आता चौथी म्हणजे आपल्याकडे घरोघरी शिवरायांचा इतिहास, एरवी या वर्षी पोरांना घेऊन दोन-चार गड तरी होतातच, पण शाळा मोबाईलवर, गड बंद, म्युझियम बंद, आमच्या नाशिकची पांडवलेणी पण बंद. पुरातत्त्व खात्याने 17 मार्च 2020 पासून सगळीच स्मारकं बंद केली होती ना. मग आधी एक पैसे भरून व्हर्च्युअल हेरिटेज वॉक केला, आयोजकांचं नाव घेत नाही, पण दीड तास नुसते फोटो सरकवत होते आणि पोराने हात वर केला तरी कुणी माईक उघडून दिला नाही. खूप हिरमुसला होता तो.

त्यानंतर ही वेबसाईट हाती लागली आणि पुढे वर्षभर आम्ही ती खरंच वापरली, म्हणून सविस्तर लिहितेय.

लंडनचं ब्रिटिश म्युझियम स्वतःच 18 मार्च 2020 ला बंद झालं होतं. त्यांचं नव्याने केलेलं ऑनलाइन कलेक्शन जरा नंतर यायचं होतं, पण लोक घरात बसलेत म्हणून त्यांनी ते एप्रिलच्या शेवटीच खुलं केलं. तेव्हा 45 लाखांच्या आसपास वस्तूंची नोंद आणि 19 लाख फोटो, फुकट. लॉगिन नाही काही नाही. आणि फोटो अभ्यासासाठी, शाळेच्या प्रोजेक्टसाठी डाउनलोड करून वापरायला परवानगी आहे, फक्त धंद्यासाठी वापरायचे नाहीत आणि श्रेय द्यायचं. माझ्या मते निम्मी किंमत इथेच वसूल (नसलेली किंमत!).

पहिल्यांदा अर्थातच शिवाजी महाराज शोधले. त्यांच्याकडे महाराजांचं एक लघुचित्र आहे, 1680 च्या दशकातलं, दख्खनी शैलीचं, म्हणजे महाराज गेल्यानंतर फार तर काही वर्षांतलं. हे चित्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर तर शंभर वेळा, पण कुणीतरी कापलेलं, रंग भडक केलेलं, खाली भलतंच काहीतरी लिहिलेलं. इथे मूळ चित्र बघायला मिळालं, खाली काळ, साहित्य, मापं, सगळं व्यवस्थित. मुलगा बराच वेळ गप्प बसून बघत होता. नंतर म्हणाला, आई, हे पुस्तकातल्यासारखे नाहीत, खरे वाटतात. मला भरून आलं अगदी.

आणि एक गोष्ट समजून घ्या, आपण तिकीट काढून लंडनला गेलो तरी असं चित्र दिसेलच असं नाही. म्युझियमकडे किमान 80 लाख वस्तू आहेत आणि मांडलेल्या फक्त 80 हजार, शंभरात एक. त्यात कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून बहुतेक वेळ कपाटातच असतात. त्यामुळे घरी बसून बघणं म्हणजे दुधाची तहान ताकावर असं जे लोक म्हणतात ते मला या बाबतीत पटत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती वस्तू. मी मूळची पैठणची, सातवाहनांच्या राजधानीची, त्यामुळे अमरावती शोधणं आलंच. आंध्रातल्या अमरावतीचा स्तूप सातवाहनांच्या काळात वैभवात होता, आणि आमच्या पांडवलेणीतल्या तीन नंबरच्या लेणीत ज्या पुळुमावी या सातवाहन राजाच्या काळचा, त्याच्या आजीचा म्हणजे गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, त्याच पुळुमावीचं नाव अमरावतीच्याही लेखात येतं. तर तिथली एक शिळा आहे, नंबर 1880,0709.79. तिच्या एका बाजूला बोधिवृक्ष आणि रिकामं आसन, भोवती नमस्कार करणारी माणसं, बुद्ध कुठेच नाही, रिकामं आसन हीच त्यांची खूण. ही बाजू जुनी, इसवीसनपूर्व पहिल्या शतकातली. मग तिसऱ्या शतकात कुणीतरी तीच शिळा उलटी फिरवून मागून नवं कोरलं, पूर्ण स्तूप, आणि दारातच उभे बुद्ध! म्हणजे मधल्या तीन-चारशे वर्षांत बुद्धाला दाखवायची पद्धतच बदलली आणि ते एकाच दगडाच्या पाठपोटावर आहे. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून कितीतरी वेळा पाहिलेत.

फोटोच्या खालची माहिती नक्की वाचा, बरेच जण ती सोडून देतात. क्युरेटरची टिपणं कधी कधी चांगली लांबलचक असतात. आणि वस्तू कुणाकडून आली, कधी आली, तेही लिहिलेलं असतं. नंबरातच बघा ना, 1880 साल, जुलैची 9 तारीख, त्यातली 79 वी वस्तू. म्युझियमच्या नोंदीत 1880 मध्ये आले तरी अमरावतीचे हे दगड 1859 मध्येच मद्रासहून जहाजाने नेलेत. हे वाचताना राग पण येतो, वाईट पण वाटतं, आणि मुलाने विचारलंच की मग आपल्याला परत कधी देणार. मी त्याला खोटं काही सांगितलं नाही, कसं नेलं ते सांगितलं. आपला वारसा बघायला त्यांच्या दारात जावं लागतं ही टोचणी राहणारच.

उणिवा म्हणाल तर सगळं इंग्रजीत, त्यामुळे माझ्या आईला मला शेजारी बसून वाचून दाखवावं लागतं. साधारण निम्मंच कलेक्शन आहे आणि सगळ्यांना फोटो नाहीत. शोधताना एकच स्पेलिंग धरून बसू नका, मराठा शब्दाची जुनी इंग्रजी स्पेलिंगं पण टाकून बघा, नाहीतर सरळ दख्खन, गोवळकोंडा असं ठिकाण टाका आणि मग काळ, साहित्य यावरून गाळत जा. गूगलवर त्यांच्या दालनांमधून फिरता येतं ते पण केलं, ठीक आहे, पोराला दहा मिनिटं मजा आली.

आपल्याकडचं म्हणाल तर सरकारचं म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टल पण जरूर बघा, त्यामागचं जतन नावाचं सॉफ्टवेअर पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने केलंय, दिल्लीचं नॅशनल म्युझियम, हैदराबादचं सालारजंग असं बरंच आहे तिथे. यात आपल्या गावोगावच्या छोट्या संग्रहालयांची भर पडावी असं फार वाटतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार.

2021 च्या एप्रिलमध्ये परत सगळं बंद झालं. तेव्हा त्या शिळेच्या दोन्ही बाजूंची प्रिंट काढून ठेवली. तीन नंबरच्या लेणीत मागच्या भिंतीवर पण एक स्तूप कोरलाय, पांडवलेणी उघडली की पोराला तिथे नेऊन प्रिंट भिंतीशेजारी धरायची आणि दोन्ही स्तूप एकत्र बघायचे असं आमचं ठरलं.