पेसमेकर आणि कोरोसिंक: पाच वर्षं सांभाळल्यावर

पेसमेकर आणि कोरोसिंक ही जोडी म्हणजे एक सर्व्हर बंद पडला की त्याची कामं दुसऱ्यावर आपोआप उठवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या पहिल्या डेमोला मी सगळ्यांसमोर चालू सर्व्हरची पॉवर केबल उपटली आणि काहीच झालं नाही. सर्व्हर बंद पडला, पण त्यावरचा डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर उठायला हवा होता, तो उठला नाही. क्लस्टरची, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरची, स्थिती दाखवणारी 'पीसीएस स्टेटस' कमांड मारली की पहिल्या नोडपुढे (सर्व्हरपुढे) 'अनक्लीन (ऑफलाइन)', परत मारली तरी तेच. आमच्या सरांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यालाच हाय अव्हेलेबिलिटी म्हणायचं का?"

त्या दिवशी मान खाली घातली खरी, पण आज सांगते, सॉफ्टवेअर बरोबर होतं, चुकले होते मी. शेजारचा नोड ओ देत नाही म्हणजे तो मेला, असं पेसमेकर कधीच धरून चालत नाही. नुसतं नेटवर्क तुटलेलं असेल आणि तो नोड अजून त्याच डिस्कवर लिहीत बसला असेल तर? दोघांनी एकाच वेळी एकाच फाइलसिस्टिमवर लिहिलं की डेटाचा भुगा होतो. म्हणून आधी त्याला मारायचं, मारल्याची पोच घ्यायची, मगच त्याची कामं उचलायची. याला फेन्सिंग म्हणतात. दुसरं नाव स्टोनिथ, म्हणजे 'शूट द अदर नोड इन द हेड'. नावातच सगळं आलं.

आमच्याकडे मारायचं काम आयपीएमआयकडे होतं, म्हणजे सर्व्हरच्या बोर्डावरच बसलेल्या छोट्या कंट्रोलरकडे. त्या कंट्रोलरला वीज कुठून मिळते? जी केबल माझ्या हातात लोंबत होती, तिच्यातूनच. नोड गेला तसा त्याला मारणाराही गेला, पोच देणार कोण? शेवटी 'पीसीएस स्टोनिथ कन्फर्म' देऊन मीच क्लस्टरला सांगितलं की हा खरंच बंद आहे, तेव्हा डेटाबेस सुरू झाला. (ही कमांड डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय देऊ नका. नोड जिवंत असताना दिलीत तर भुगा तुमच्या हातून होईल.) नंतर फेन्सिंगची दुसरी लेव्हल लावली: आयपीएमआय गप्प बसला तर पीडीयूवरून, म्हणजे सर्व्हरना वीज पुरवणाऱ्या पट्टीवरून, वीज तोडायची. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही पीडीयू एकाच लेव्हलमध्ये टाका, नाहीतर एक बाजू बंद आणि दुसरीवर सर्व्हर मजेत चालू.

इन्स्टॉलेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पॅकेजेस टाका, 'एचएक्लस्टर' युजरला पासवर्ड द्या, 'पीसीएस होस्ट ऑथ', 'पीसीएस क्लस्टर सेटअप', स्टार्ट. फायरवॉलमध्ये टीसीपी 2224 आणि यूडीपी 5405 उघडे हवेत. अर्ध्या तासाचं काम. खड्डा पुढे आहे. रिसोर्स (क्लस्टरने सांभाळायची गोष्ट, जसं डेटाबेस) तयार करता आणि तो सुरूच होत नाही, कारण स्टोनिथ डिफॉल्टनेच चालू असतं आणि तुम्ही फेन्सिंग डिव्हाइस दिलेलंच नसतं. अशा वेळी 'स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स करा' असा सल्ला हमखास मिळतो. सराव करायचा असेल तर ठीक. खऱ्या डेटावर तो सल्ला देणाऱ्याला तुमच्या क्लस्टरच्या आसपास फिरकू देऊ नका.

कामाची वाटणी अशी: कोण हजर आहे, कोण गेलं, बहुमत कुणाकडे, हे कोरोसिंक बघतं. कुठला रिसोर्स कुठे चालवायचा हे पेसमेकर ठरवतं. दोनच नोड असले की बहुमताची पंचाईत होते, एक गेला की उरलेला अर्धाच. त्यासाठी 'टू नोड' सेटिंग आहे, त्यात उरलेल्या एकालाही काम चालू ठेवता येतं. पण नेटवर्क तुटलं तर दोघंही एकदमच एकमेकांवर बंदूक रोखतात, म्हणून एकाच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा डिले द्यावा लागतो. वर्षभर मी तसंच चालवलं. मग एका लहानशा तिसऱ्या मशीनवर क्यूडिव्हाइस (बहुमतासाठी तिसरं मत देणारी सोय) बसवलं आणि सुटले. आज नव्याने करायचं झालं तर सुरुवात तिथूनच करीन.

सर्वात जास्त छळ झाला तो दुसऱ्या क्लस्टरवर. हा व्हर्च्युअल मशीनवर (व्हीएमवर) आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री सव्वादोनच्या सुमाराला, एक नोड फेन्स व्हायचा. सकाळी बघावं तर दोन्ही ठणठणीत. नेटवर्कवाल्यांशी माझी दोनदा वादावादी झाली, त्यांचा काही दोष नव्हता. तीन आठवड्यांनी लॉगमधल्या एका ओळीवर नजर अडकली. कोरोसिंकची तक्रार होती की आपल्या मुख्य प्रोसेसला इतके मिलिसेकंद शेड्यूलच केलं गेलं नाही. म्हणजे मशीनच गोठलं होतं! बॅकअपचं काम बाहेरच्या एका कंपनीकडे. त्यांचा स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) त्याच वेळी लागायचा आणि व्हीएम काही सेकंद थिजायचं. कोरोसिंकचा टोकन टाइमआउट (नोड गेला असं धरण्याआधी वाट बघायचा वेळ) नव्या आवृत्त्यांत 3 सेकंद आहे, आमच्या जुन्या आवृत्तीत 1 सेकंदच होता. तो 10 सेकंद केला, स्नॅपशॉट फक्त स्टँडबायमधल्या (कामं काढून घेतलेल्या) नोडचे घ्यायला लावले, तेव्हा झोप लागली. याची किंमत अशी की खरोखर नोड गेला तर ते कळायलाही तेवढाच उशीर. मला चालतो.

रोजच्या कारभारात आवडलेल्या गोष्टी म्हणजे स्टँडबाय आणि मेंटेनन्स मोड (यात क्लस्टर रिसोर्सना हात लावत नाही). पॅच लावायचा असेल तर नोड स्टँडबायला टाका, कामं आपोआप पलीकडे जातात. 'सीआरएम सिम्युलेट' तर माझा जीव की प्राण आहे. अमुक बदल केला किंवा अमुक नोड पडला तर काय होईल, हे काही न हलवता आधीच दाखवतं.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. जुन्या पीसीएसमध्ये 'रिसोर्स मूव्ह' केलं की मागे एक लोकेशन कन्स्ट्रेंट (रिसोर्स कुठे चालावा याचा नियम) राहतो. तो 'क्लिअर' करायला विसरलात तर महिन्यांनी रिसोर्स भलतीकडेच चिकटून बसलेला सापडतो. नव्या पीसीएसमध्ये हे सुधारलंय. मग स्टॉप टाइमआउट, म्हणजे रिसोर्सला बंद व्हायला दिलेला वेळ. मी डेटाबेसला 60 सेकंद दिले होते. एकदा ऐन लोडमध्ये बंद व्हायला त्याहून जास्त वेळ लागला, स्टॉप फेल धरला गेला आणि स्टॉप फेल म्हणजे थेट फेन्सिंग. साधं स्विचओव्हर करायला गेले आणि चांगला धडधाकट सर्व्हर रीबूट होताना बघत बसले. आणि लॉग! एका फेलओव्हरमागे शेकडो ओळी, त्यातली कामाची ओळ शोधायला सरावलेली नजर लागते. सिस्टिमडीत (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) तीच सर्व्हिस 'एनेबल' राहिली असेल तर ती क्लस्टरला न विचारता बूटवर उठते, हेही एकदा भोगून झालंय.

तुम्हाला नुसता एक आयपी दोन वेब सर्व्हरमध्ये फिरता ठेवायचा असेल तर हा पसारा मांडू नका, कीपअलाइव्हडी हे साधं सॉफ्टवेअर पुरे. शेअर्ड डिस्क किंवा डीआरबीडी (नेटवर्कवरून दोन सर्व्हरच्या डिस्क सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर), त्यावर फाइलसिस्टिम, त्यावर डेटाबेस, मग आयपी, अशी उतरंड ठरल्या क्रमाने हलवायची असेल तर मात्र मी हेच घेईन. पाचपैकी चार. एक लॉगपायी कापला.