अ‍ॅनिमे की गेम: संगीत देणाऱ्यानं कुठं वळावं

वर्षातून दोन-तीनदा तरी कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतं. बहुतेक विशी-बाविशीची मुलं. घरी एक कीबोर्ड, एक ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या फायली. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. विचारायचं असतं ते एवढंच, की चित्राला, म्हणजे अ‍ॅनिमे-अ‍ॅनिमेशनला, संगीत द्यायची वाट धरावी की व्हिडिओ गेमची. मी पुण्यात बसून दोन्हीकडं थोडी थोडी वर्षं काढली, लहानच कामं, आणि शेवटी एका बाजूला वळलो. तुमचा स्वभाव वेगळा असेल तर माझं सगळं खोटं ठरेल, हे धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट. ज्यांच्याकडं बघून आपण हे स्वप्न बघतो, त्या जपानी संगीतकारांनी ही दोन घरं वेगळी मानलेलीच नाहीत. योको कान्नो म्हटलं की ‘काउबॉय बीबॉप’ हे अ‍ॅनिमे (१९९८) आठवतं, पण त्यांची सुरुवात ऐंशीच्या दशकात कोएई कंपनीच्या ऐतिहासिक लढायांच्या गेम्सवर झाली. यासुनोरी मित्सुदा ‘क्रोनो ट्रिगर’ या गेमवाले (१९९५), पण ‘इनाझुमा इलेव्हन’चा गेम आणि अ‍ॅनिमे दोन्ही त्यांचेच. हिरोयुकी सावानोंनी ‘अटॅक ऑन टायटन’ या अ‍ॅनिमेनंतर (२०१३) दोनच वर्षांत ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स एक्स’ हा गेम केला. तेव्हा आज जे निवडाल ते जन्माचं नाही.

टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेत संगीतकार बऱ्याचदा चित्र बघून संगीत करत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. त्याच्या हातात एक यादी येते: ‘रोजचं, हलकंफुलकं’, ‘संशय’, ‘लढाई, हरत असताना’. तो तेवढे तुकडे आधीच करून, रेकॉर्ड करून देतो. मग साउंड डायरेक्टर त्यातला कुठला तुकडा कुठं लावायचा ते ठरवतो. एकांकिकेत संगीत ऑपरेट केलेल्यांना हे लगेच कळेल. तुकडे दुसऱ्या कुणाचे, फेडरवरचा हात आपला.

याचा फायदाही दांडगा आहे. सेकंदांचा हिशेब नसल्यामुळं चाल मोकळी फुलते. ‘बीबॉप’च्या वेळी कान्नोबाई न मागितलेले तुकडेही करून द्यायच्या आणि ते ऐकून दृश्यं सुचायची, असं दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे यांनीच सांगितलंय. असा दिग्दर्शक मिळत असेल तर पुढचं वाचूच नका, सरळ तिकडं जा.

मला मिळाला नाही. लहान मुलांच्या एका अ‍ॅनिमेशन मालिकेचं काम होतं, पद्धत अशीच यादीची. ‘पाठलाग’ या शब्दासाठी मी झपतालात एक तुकडा केला. शेवटी तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, आणि तिसरा धा बरोबर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. तीन रात्री त्या तिहाईवर गेल्या. भाग लागला तेव्हा आई शेजारी बसली होती. मांजर पळतंय, तिहाईचा पहिला पल्ला झाला, दुसरा झाला, तिसरा सुरू झाला आणि दार आपटल्याचा आवाज. पुढं शांतता. आई गाणं शिकलेली आहे. म्हणाली, ‘अरे, शेवटचा धा कुठं गेला?’

मी फोन केला. एडिटर अतिशय सभ्य माणूस. ‘सीन छोटा झाला ना सर, दीड सेकंदानं,’ म्हणाला. त्याचं चूक काहीच नव्हतं, आणि खरा राग त्याचाच आला. पुढच्या भागांत हे चारदा झालं. मुखडा सुरू होऊन संवादाखाली दबायचा, सम यायच्या आत कापला जायचा. ज्याला तालाची सवय लागलीय त्याला हे जेवताना ताट ओढून घेतल्यासारखं होतं. इतरांना कदाचित काहीच वाटणार नाही. माझ्यापुरता निकाल त्या दीड सेकंदानं लावला.

गेमकडं आलो तो बिचकतच. तिथं काही महिन्यांनी ध्यानात आलं, की हे तर लेहरा धरणं आहे. तबल्याच्या सोलोत पेटीवाला तीच ओळ तासभर फिरवत बसतो. तबलजी पेशकारात रमो, कायदा वाढवो, रेला लावो, लेहऱ्यानं कंटाळा आणायचा नाही आणि पुढंही यायचं नाही. गेममधे तबलजीच्या जागी खेळणारा. तो एका गुहेत पाच मिनिटं थांबेल की पाऊण तास, तुम्हाला माहीत नसतं. पण आवर्तन पूर्ण होतं आणि सम येते. मधेच ती जागा सोडून गेला तरी पुढच्या तुकड्यावर बदल मात्रा धरून करायची सोय एफमॉड किंवा वाइज या गेमच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधे आहे, आणि ती कुठं करायची हे तुम्ही स्वतः लिहून देऊ शकता. संगीतकार केइची ओकाबेंच्या ‘निअर: ऑटोमाटा’ या गेममधे (२०१७) तीच चाल कधी नुसत्या वाद्यांवर, कधी गळ्यासकट, आणि हॅकिंग सुरू झालं की जुन्या व्हिडिओ गेमच्या बीप-बीप आवाजात येते. धागा मात्र तुटत नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खेळणं सोडून नुसताच आत-बाहेर करत बसलो होतो.

म्हणून गेममधे सगळं सुखाचं असं नाही. माझ्या पहिल्या लूपबद्दल टेस्टिंग करणाऱ्या मुलीनं कळवलं, ‘दर पाऊण मिनिटाला कुणीतरी टिचकी मारतंय.’ लूप जिथं जुळतो तिथं शेवटच्या सुराची घुमी कापली जात होती. उपाय साधा, पण कुणी सांगितला नव्हता. तुकडा सलग दोनदा वाजवून रेकॉर्ड करायचा आणि दुसरी फेरी तेवढी उचलायची, म्हणजे पहिल्या फेरीची घुमी तिच्या सुरुवातीला आपसूक येते. आणि लूप एमपीथ्रीत देऊ नका, त्या फायलीत सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते. यात माझे चार दिवस गेले, पण हे चार दिवस माझ्या हातातले होते.

जागेची कुचंबणा आता राहिलेली नाही. मित्सुदांनी ‘क्रोनो ट्रिगर’ केला तेव्हा सुपर फॅमिकॉम या गेमच्या यंत्रामधे आवाजाला आठ चॅनल आणि ६४ केबी मेमरी होती. श्रमाचं मात्र तेव्हासारखंच आहे. स्क्वेअर या गेम कंपनीत साउंड इफेक्ट करणारा हा तरुण, ‘संगीत करू द्या नाहीतर जातो’ म्हणून तिथले वरिष्ठ हिरोनोबु साकागुचींसमोर उभा राहिला आणि काम मिळाल्यावर इतका राबला की पोटात अल्सर झाले. उरलेले तुकडे तिथलेच संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी पुरे केले. तेव्हा गेम म्हणजे आराम, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पैशाचं दोन्हीकडं माझ्या बाबतीत सारखंच, एकरकमी आणि उशिरा.

ज्याला चाल सुचते पण तिच्या मागं धावत बसायला आवडत नाही, दुसऱ्यानं ती कुठंही लावली तरी चालते, त्यानं चित्राकडं जावं. तिथं नावही लवकर होतं, लोक शीर्षकगीत गुणगुणतात. ज्याला आपलं आवर्तन पुरं झालेलं ऐकायचं असतं त्याला गेम बहुधा जास्त मानवेल. अ‍ॅनिमेशनचं काम आलं तर मी अजूनही घेतो. फक्त त्यात तिहाई टाकत नाही.