रोजच्या पिशवीतला कॅमेरा: निकॉन झेड ५० आणि दोन छोट्या लेन्स

माझा जुना डीएसएलआर लेन्ससह सव्वा किलोचा होता. तो उत्तम छायाचित्रे काढत असे. परंतु गेल्या तीन वर्षांत लग्नकार्य आणि गणपती सोडले, तर तो कपाटातून क्वचितच बाहेर निघाला. कोथरूडहून शिवाजीनगरला कामावर जाता-येता, शनिवारी सकाळी मंडईत किंवा रविवारी वेताळ टेकडीवर जे दिसते, ते टिपण्यासाठी एवढे ओझे रोज खांद्यावर घेणे मला जमत नव्हते. म्हणून हलका मिररलेस (डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायचे ठरवले, तेव्हा अट एकच ठेवली: डबा, पाण्याची बाटली आणि छत्री असलेल्या माझ्या कापडी पिशवीत तो रोज मावला पाहिजे आणि तिथे आहे म्हणून खांदा दुखता कामा नये.

शोध सुरू करताच पहिली गोष्ट लक्षात आली ती वजनाच्या आकड्यांची. माहितीपत्रकातले वजन पुष्कळदा नुसत्या बॉडीचे, म्हणजे लेन्सशिवाय कॅमेऱ्याचे असते आणि त्यातही कधी बॅटरी व कार्ड धरलेले असतात, कधी नसतात. निकॉन झेड ५०चेच पाहा: नुसती बॉडी ३९५ ग्रॅम, तर बॅटरी आणि कार्डासह ४५० ग्रॅम. त्यामुळे मी बॅटरी, कार्ड आणि सोबतची छोटी झूम लेन्स अशी बेरीज करूनच तुलना केली. कॅनन आर ५० व १८-४५ मिमी लेन्स मिळून ५०५ ग्रॅम, सोनी ए ६४०० व १६-५० मिमी मिळून ५१९ ग्रॅम, ऑलिंपस ई-एम १० मार्क ४ व १४-४२ मिमी ईझेड मिळून ४७६ ग्रॅम आणि झेड ५० व १६-५० मिमी मिळून ५८५ ग्रॅम. म्हणजे ज्या कॅमेऱ्यावर अखेर माझे मन बसले, तो या चौघांत सर्वांत जड आहे. तरीही मी तोच घेतला, आणि आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरही ती निवड मला योग्य वाटते.

याचे कारण पकड. पिशवीतले वजन खांद्याला कळते, पण कॅमेरा हातात घेऊन तासभर फिरल्यावर बोटांना कळते ती पकडीची खोली. झेड ५०ची पकड खोल आहे, तिच्यात माझी चारही बोटे व्यवस्थित बसतात आणि एका हातात छत्री असताना दुसऱ्या हाताने छायाचित्र काढता येते. पुण्याच्या जून-जुलैमध्ये ही काही किरकोळ सोय नव्हे. हे दुकानातल्या काउंटरपाशी दोन मिनिटे कॅमेरा धरून समजत नाही. मी निवडीतले दोन कॅमेरे प्रत्येकी एका शनिवार-रविवारासाठी भाड्याने घेतले होते आणि तो खर्च मला अतिशय सत्कारणी लागला असे वाटते.

खरी परीक्षा मंडईत झाली. १८८६ साली उभारलेल्या त्या दगडी इमारतीत सकाळी उजेड वरून आणि बाजूंनी तुकड्यातुकड्यांनी येतो. मधल्या भागातल्या गाळ्यांवर तो फारच कमी पोहोचतो. तिथे १६-५० लेन्सच्या लांब टोकाला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ ६.३ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). लेन्समध्ये कंपन-नियंत्रण आहे, त्यामुळे शटर १/१५ सेकंदापर्यंत खाली आणले तरी वांग्यांची रास आणि मागचे दगडी खांब स्पष्ट येतात. पण भाजी तोलणाऱ्या मावशींचे हात मात्र पुसट होतात. कंपन-नियंत्रण आपल्या हाताचा थरकाप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही, हे वाचून ठाऊक असले तरी त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजले. हलत्या माणसासाठी शटर वेगवानच हवे, आणि त्यासाठी लेन्समधून प्रकाश जास्त यायला हवा.

म्हणून पुढच्याच महिन्यात निकॉनची २४ मिमी एफ १.७ ही लेन्स घेतली. तिचे वजनही झूम लेन्सइतकेच, १३५ ग्रॅम आहे. झूम लेन्स तिच्या सर्वांत रुंद टोकाला एफ ३.५ पर्यंत उघडते. त्या तुलनेतही एफ १.७ला चौपटीहून अधिक प्रकाश मिळतो. या कॅमेऱ्याच्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) २४ मिमीची चौकट फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या ३६ मिमीइतकी पडते, म्हणजे समोरचा माणूस आणि त्याच्या भोवतालची गल्ली दोन्ही सामावतात. पालखी मुक्कामाला आली तेव्हा भवानी पेठेत संध्याकाळी मी हीच एक लेन्स वापरली आणि वारकऱ्यांचे चेहरे कमी उजेडातही जसे हवे होते तसे आले. दोन्ही लेन्सना ४६ मिमीचा एकच फिल्टर चालतो, ही छोटी पण कामाची गोष्ट.

झेड ५०च्या बॉडीत कंपन-नियंत्रण नाही आणि २४ मिमी लेन्समध्येही नाही, हे घेणाऱ्याने आधीच मनाशी पक्के धरावे. ज्यांना पाताळेश्वरच्या लेण्यातल्या खांबांसारखे स्थिर विषय मंद उजेडात टिपायचे आहेत, त्यांना बॉडीतच पाच अक्षांचे कंपन-नियंत्रण असलेला ऑलिंपस अधिक उपयोगी पडेल. त्याचा सेन्सर १७.३ × १३ मिमी, तर झेड ५०चा २३.५ × १५.७ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक. माझे विषय बहुतेक हलते असल्याने मी जास्त प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या सेन्सरच्या बाजूने कौल दिला.

गाण्याच्या घरगुती बैठकीत खटका ऐकू येऊ नये म्हणून मी एकदा नि:शब्द शटर लावले आणि घरी येऊन पाहते तो सगळ्या चित्रांवर आडवे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्याने तो चढउतार चित्रावर उमटतो. त्यानंतर अशा दिव्यांखाली मी नेहमीचे शटर वापरते आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवते.

झेड ५०चा मागचा पडदा (स्क्रीन) खालच्या बाजूला उलटतो, त्यामुळे ट्रायपॉडवर लावून स्वतःचे चित्रीकरण करणाऱ्यांची अडचण होते. चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबीने होते. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या झेड ५० मार्क २मध्ये पडदा बाजूला उघडतो, यूएसबी-सी आहे आणि विषय ओळखून फोकस धरण्याची क्षमता बरीच वाढली आहे. मात्र बॅटरी-कार्डासह त्याचे वजन ५५० ग्रॅम, म्हणजे आधीच्यापेक्षा १०० ग्रॅम अधिक. रोज पिशवीत ठेवण्याच्या हिशेबात मला ते १०० ग्रॅम जास्त महत्त्वाचे वाटले, म्हणून मी २०१९चे पहिलेच मॉडेल मध्यवस्तीतल्या एका दुकानातून वापरलेले घेतले. घेण्यापूर्वी एफ १६वर, म्हणजे छिद्र बरेच लहान करून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवर डाग आहेत का ते पाहिले, आणि ताज्या छायाचित्राच्या फाइलमधून शटर किती वेळा वापरले गेले आहे तेही तपासले. वापरलेला कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने या दोन गोष्टी काउंटरवरच, पैसे देण्याआधी कराव्यात.

एका बॅटरीत ३०० च्या आसपास छायाचित्रे निघतात. दुसरी बॅटरी डब्याच्या कप्प्यात असते. पावसाळ्यात घरी आल्यावर कॅमेरा आणि दोन्ही लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, कारण इथल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. जुन्या डीएसएलआरच्या लेन्सची तीच गत झाली होती. हा कॅमेरा मात्र रोज बाहेर पडतो, आणि दुकानात निवड करायला जाताना मी माझी नेहमीची भरलेली पिशवी सोबत नेली होती, याचा मला आजही आनंद वाटतो.