साइट दुरुस्त करणाऱ्याने मला तीनदा कसं गंडवलं

आम्ही अमळनेरला राहतो. जाऊबाई आणि मी बिबड्या, उडदाचे पापड, शेवया, कळण्याचं पीठ विकतो. गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेली खान्देशी मंडळी. भाच्याने 2021 मध्ये वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट करून दिली, सगळे पासवर्ड एका वहीत लिहून दिले आणि नोकरीला बंगळुरूला निघून गेला. ती वही मी दोन वर्षं उघडलीसुद्धा नाही. ज्या गावात 1945 साली तेल-तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली त्या गावची ही बाई, आणि स्वतःच्या साइटचा पासवर्ड ठाऊक नाही, असं आमचे हे अजून चारचौघांत सांगतात. सांगू देत.

एप्रिल 2023, वाळवणाचा ऐन हंगाम. गच्चीवर ओल्या धोतरावर बिबड्या थापत होते, कोपरापर्यंत पीठ, आणि पुण्याहून फोन आला की साइट उघडत नाही. माझा चेहरा पाहून सासूबाई खाटेवरूनच, "काय व्हयनं व माय?" मोबाइलवर पाहिलं तर पांढरं पान आणि इंग्रजीत दोन ओळी: साइटवर क्रिटिकल एरर आली आहे, अ‍ॅडमिनचा ईमेल तपासा.

ओळखीतल्या एकाने जळगावच्या माणसाचा नंबर दिला. त्याने माझ्या लॅपटॉपवर स्क्रीन शेअरचं अ‍ॅप घ्यायला लावलं. "काकू, साइट हॅक झालीय. सर्व्हरला व्हायरस आहे, आज काढला नाही तर गिऱ्हाइकांचे डिटेल बाहेर जातील." मी विचारलं, ते ईमेल तपासा असं लिहिलंय, त्याचं काय? "ते टेक्निकल असतं, तिकडे नका बघू. तुम्ही चहा टाका." चहाला उकळी फुटायच्या आत साइट सुरू. 6,500 रुपये यूपीआयने गेले, वर मीच दोनदा थँक यू म्हटलं.

तो ईमेल मी सहा महिन्यांनी उघडला. 2019 मध्ये आलेल्या 5.2 आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी अ‍ॅडमिनला स्वतःच मेल पाठवतं. कुठल्या प्लगइनमुळे (वर्डप्रेसला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) बिघडलं त्याचं नाव त्यात असतं, आणि दुरुस्तीसाठी आत शिरायची लिंकही. आमचं बिलाचं प्लगइन अपडेट झालं होतं आणि होस्टिंगवरच्या (साइट जिथे भाड्याने ठेवलीय तिथल्या) जुन्या पीएचपीशी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) त्याचं जमत नव्हतं. लिंकवरून आत जाऊन ते बंद करायचं, एवढंच काम. लिंक चालली नाही तर फाइल मॅनेजरमध्ये त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं तरी ते बंद पडतं. व्हायरस कसला नि काय.

जूनमध्ये डेटाबेसशी (साइटचा सगळा मजकूर जिथे साठतो तो) कनेक्शन होत नसल्याची एरर आली, 4,000. ऑगस्टमध्ये ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायला लागला. त्याने 3,500 घेऊन "वर्षाचं एसएसएल", म्हणजे कनेक्शन सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट, बसवलं. पत्त्याशेजारच्या चिन्हावर (तेव्हा तिथे कुलूप असायचं) टिचकी मारली की सर्टिफिकेट कोणी दिलं आणि कधीपर्यंतचं आहे ते दिसतं. माझ्यात लेट्स एन्क्रिप्ट लिहिलं होतं. ते फुकट मिळतं, तेव्हा मुदत 90 दिवसांची असायची, आणि बऱ्याच होस्टिंगवर आपोआप नव्याने येतं. वर्षाचे पैसे घेतले आणि दिलं ते तीन महिन्यांचं, तेही फुकटातलं.

दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन, वार्षिक देखभाल घ्या, 18,000. तोवर माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. रात्री आठ वाजता नाही म्हणून सांगितलं. सकाळी साइट बंद, तीच डेटाबेसची एरर. ऐन फराळाच्या ऑर्डरी.

भाच्याची बहीण जळगावला डिप्लोमाला आहे, सुट्टीला आली होती. तिने पहिलं काय विचारलं तर, "मामी, वही कुठंय?" आधी होस्टिंगच्या चॅटवर विचारून घेतलं. ही एरर त्यांचा डेटाबेस सर्व्हर बसला तरी येते, तेव्हा प्रत्येक वेळी कोणीतरी खोडी केली असं नसतं. त्यांचा सर्व्हर ठीक होता. मग सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायचं पान) फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कॉन्फिग नावाची फाइल उघडली. डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि होस्ट अशा चार ओळी असतात त्यात. तिने वही शेजारी धरली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. वहीतल्या पासवर्डच्या शेवटी 7 होता. फाइलमध्ये नव्हता.

एक आकडा. फाइल शेवटची कधी बदलली ते शेजारच्या रकान्यात दिसत होतं: आदल्या रात्री 11 वाजून 52 मिनिटं. मी तेव्हा चकलीची भाजणी चाळत होते.

7 टाकला, सेव्ह केलं, साइट आली. मला आनंद व्हायचा सोडून घाम फुटला. युजर्सच्या यादीत 'सपोर्ट' नावाचा एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निघाला, एप्रिलमध्येच बनवलेला. जूनची एररही त्याचीच असणार असं मला वाटतं, पण त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

पोरीने काही पुसायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले आणि पूर्ण बॅकअप उतरवून घेतला. हे बरं केलं, मी तर रागात तो युजर आधी उडवला असता. मग होस्टिंग, सीपॅनेल, एफटीपी (फाइली चढवायची वाट), डेटाबेस, ईमेल, सगळे पासवर्ड बदलले. त्याच फाइलमधल्या सॉल्ट की (लॉगिन पक्कं करणारी गुप्त अक्षरं) बदलल्या की जिथे जिथे लॉगिन उघडं असेल तिथून सगळे बाहेर फेकले जातात, तेही केलं. लॅपटॉपवरचं स्क्रीन शेअरचं अ‍ॅप काढलं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या ईमेलवर आहे ते तपासलं, नशिबाने भाच्याच्याच. ऑगस्टमध्ये त्या जळगावच्या माणसाने डोमेनसाठी ओटीपी मागितला होता, पण तो भाच्याच्या फोनवर जायचा आणि भाचा मीटिंगमध्ये होता म्हणून राहून गेलं. डोमेन गेलं असतं तर नुसत्या पासवर्डांनी काही परत आलं नसतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार भरली. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरून बदल करणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 मध्ये बसतं. पण पैसे मी माझ्या हाताने, राजीखुशीने पाठवलेले. 14,000 पैकी अजून एक रुपया परत आलेला नाही.

दिवाळीला त्याचा मेसेज आला. पणतीचं चित्र, खाली "साइट व्यवस्थित चालू आहे ना काकू?" त्याचाही स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला.