हॅम्बुर्ग ते कोपनहेगन: फेरीबोट, ग्रेट बेल्टचा वळसा की येणारा बोगदा?

हॅम्बुर्गमधून बाहेर पडतानाच ठरवावं लागतं. ए-७ महामार्ग धरलात तर फ्लेन्सबुर्ग, डेन्मार्कचं जटलंड आणि ग्रेट बेल्ट या सामुद्रधुनीवरचा पूल. ए-१ धरलात तर ल्युबेक, फेमार्न बेट आणि पुटगार्डनची फेरीबोट. दुसरी वाट दीडएकशे किलोमीटरनं जवळची. तिसरा पर्याय म्हणजे फेमार्न आणि डेन्मार्क यांच्यामधला, समुद्रतळावरचा फेमार्नबेल्ट बोगदा, तो अजून बांधून व्हायचाय. ‘तोवर थांबावं का?’ असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, गाडीनं जाणाऱ्यानं मुळीच थांबू नये. रेल्वेवाल्याची गोष्ट वेगळी.

आधी फेरी. दर अर्ध्या तासाला, दिवसरात्र. पुटगार्डन ते डेन्मार्कमधलं रोडबी पाऊण तास. गाडी खालच्या मजल्यावर लावायची, वर जाऊन कॉफी घ्यायची, पाय मोकळे करायचे. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात ही विश्रांती तशीही घ्यावीच लागते, त्यामुळे हा वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. १९६३ साली ही वाट सुरू झाली तेव्हापासून इथे रस्ता आणि रूळ एकत्रच नांदलेत. फेमार्नला मुख्य भूमीशी जोडणारा ९६३ मीटरचा पूल दोघांचा सामायिक, आणि पुढे फेरीच्या पोटातही मोटारींच्या शेजारी आख्खी रेल्वेगाडी शिरायची. प्रवाशांना डब्यातून उतरून डेकवर जावं लागे. डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झालं, आणि २०२२ पासून नव्या मार्गाच्या कामासाठी पुलावरच्या रुळांवरही गाडी नाही.

ग्रेट बेल्टचा वळसा घेणाऱ्याला बोटीची वाट पाहावी लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. टोल आहेच, शिवाय जादा इंधन. झुलता पूल मात्र बघण्यासारखा आहे, मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १,६२४ मीटरचा. आजची हॅम्बुर्ग–कोपनहेगन रेल्वेही याच वाटेनं जाते आणि साडेचार-पाच तास घेते. पश्चिमेकडच्या पुलावर गाड्या आणि रेल्वे शेजारी-शेजारी धावतात. स्प्रोगो बेटावर दोघांची फारकत होते. मोटारी उंच पुलावर चढतात, रेल्वे आठ किलोमीटरच्या बोगद्यात उतरते.

फेमार्नबेल्टला अशी फारकत नाही. २००८ मध्ये जर्मनी आणि डेन्मार्कनं करार केला तेव्हा डोळ्यांसमोर होता तारांवर तोललेला पूल. पण २०१० च्या अखेरीस प्रकल्प-कंपनीचा सल्ला बदलला आणि २०११ च्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये बोगद्यावर शिक्कामोर्तब झालं. पुलाला ७२४ मीटरचे दोन गाळे लागणार होते, तेही मोटारी आणि रेल्वे दोन्ही पेलणारे. त्यात खालून जहाजांची सततची वर्दळ आणि वरून वारा. खर्चात फारसा फरक नव्हता. मग धोका कशाला घ्या?

आता बोगदा करायचा कसा? यंत्रानं गोल भोक पाडत जायचं तर रस्त्याला वेगळी भोकं, रेल्वेला वेगळं. शिवाय ते खोल न्यावं लागतं, आणि रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून लांबीही वाढते. त्यापेक्षा किनाऱ्यावर काँक्रीटचे चौकोनी ठोकळे ओतायचे, दोन्ही तोंडं बंद करून तरंगत न्यायचे आणि तळाशी खणलेल्या चरात बुडवायचे. एक ठोकळा २१७ मीटर लांब, ७३ हजार टनांचा. त्यात रस्त्याच्या दोन नळ्या, त्यांच्यामध्ये देखभालीची चिंचोळी वाट आणि बाजूला रेल्वेच्या दोन नळ्या. असे ७९, शिवाय यंत्रसामग्रीसाठी दहा निराळे. सांधा जुळवण्याची युक्ती तर मोठी गमतीची आहे. दोन ठोकळ्यांच्या बंद तोंडांमध्ये अडकलेलं पाणी उपसलं की पलीकडचा समुद्रच नव्या ठोकळ्याला आधीच्यावर दाबून धरतो आणि मधली रबरी कड चेपून सांधा बंद होतो.

अठरा किलोमीटरचा हा बोगदा मोटार दहा मिनिटांत पार करेल, रेल्वे सात. कोपनहेगनचा रेल्वेप्रवास अडीच तासांवर येईल, म्हणजे जवळपास निम्म्यावर. मोटारवाल्याचा वाचणार तो तासभर, तोही मधली विश्रांती गमावून. २०२९ चं उद्दिष्ट हुकणार हे एव्हाना उघड झालंय. जर्मन बाजूची रेल्वे आणि मुख्य भूमी ते फेमार्न असा धाकटा बोगदा यांचं घोडं अडलेलं आहे, मुख्य बोगद्यालाही उशीर आहे. फेमार्नचा जुना पूल पाडणार नाहीत, तो सायकली आणि हळू वाहनांसाठी राहील.

आत्ताच्या आत्ता जायचं तर गाडी असेल तर ए-१ आणि फेरी; बोटीचा तिटकारा असेल तरच ए-७. रेल्वेनं निवड नाहीच. आणि सायकलनं निघणार असाल तर बोगदा उघडल्यावरही तुमची वाट फेरीचीच, कारण त्या पाच नळ्यांत सायकलला जागा ठेवलेली नाही. फेरी पुढेही चालू ठेवणार, असं तिची कंपनी आजतरी म्हणते आहे.