दोन गिरक्यांचा दंड: दोन दिवसांच्या सराव-वर्गाविषयी

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत आपल्याकडून नियम मोडला गेल्यावर दंड कसा घ्यावा, एवढ्याच विषयावरचा दोन दिवसांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. नियम पाठ असूनही ऐन शर्यतीत हातून भलतेच घडते, हे अनेक हंगाम अनुभवल्यामुळे इतक्या नेमक्या विषयाला कोणी दोन दिवस देत आहे याचाच मला आनंद झाला होता. वर्ग उत्तम आहे आणि शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाने तो करावा असे मी मनापासून सांगेन. दुसऱ्या दिवशीचा उत्तरार्ध मात्र घाईत उरकला गेला.

सुरुवात वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या होड्यांच्या जागतिक संघटनेच्या 2025 ते 2028 या नियमावलीतील 44व्या नियमाने झाली. शर्यतीत दुसऱ्या होडीच्या वाटेच्या हक्काचा भंग झाला तर होडीच्या दोन गिरक्या, म्हणजे पूर्ण फेऱ्या, आणि मार्कला (शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या बोयाला) नुसता स्पर्श झाला तर एक. प्रत्येक गिरकीत एक टॅक (होडीचे पुढचे टोक वाऱ्यातून वळवणे) आणि एक जाइब (मागचे टोक वाऱ्यातून वळवणे) आलेच पाहिजे आणि दोन गिरक्या असतील तर त्या एकाच दिशेने झाल्या पाहिजेत. जुने खलाशी या दोन गिरक्यांच्या दंडाला त्यातल्या अंशांवरून अजूनही ‘720’ म्हणतात, पण प्रशिक्षकांनी अंशांचा हिशेब बाजूला ठेवून टॅक आणि जाइब मोठ्याने मोजायला लावले. ही सवय मला फार मोलाची वाटली, कारण गोंधळात दुसऱ्या गिरकीतला शेवटचा टॅक राहून गेला तर घेतलेला दंड अपुरा ठरतो.

वर्गाचे खरे बळ गिरकीच्या आधीच्या काही क्षणांवर दिलेल्या भरात आहे. नियमाप्रमाणे घटनेनंतर शक्य तितक्या लवकर इतर होड्यांपासून पुरते दूर व्हायचे आणि मग विलंब न लावता गिरक्या घ्यायच्या. पहिल्या सराव-शर्यतीत मी पोर्ट टॅकवरून, म्हणजे वारा डावीकडून घेत, एका स्टारबोर्ड टॅकवरच्या, म्हणजे वारा उजवीकडून घेणाऱ्या आणि म्हणून वाटेचा हक्क असलेल्या होडीपुढून जाऊ पाहिले आणि मला चुकवण्यासाठी तिला वळावे लागले. चूक लगेच कबूल करावी म्हणून मी तिथल्या तिथे वळू लागले, तोच मागून येणाऱ्या दुसऱ्या होडीलाही माझ्यामुळे वाट बदलावी लागली. दंड घेत असलेल्या होडीने दंड न घेणाऱ्या होड्यांपासून दूर राहायचे असते, त्यामुळे पहिला दंड पुरा होण्याआधीच मी दुसरा ओढवून घेतला होता. संध्याकाळी त्या शर्यतीचे चित्रण पडद्यावर थांबवून प्रशिक्षकांनी मला मोकळे पाणी कुठे होते ते दाखवले: माझ्या वाऱ्याखालच्या बाजूला, जेमतेम चार होड्यांच्या लांबीवर.

हाताच्या कामाचे शिक्षणही तितकेच बारकाईचे होते. वाऱ्याला भिडून जाताना दंड घ्यायचा असेल तर आधी मेनशीट (मुख्य शिडाचा दोर) भरपूर सोडून, अंग बाहेर काढून होडी किंचित वाऱ्याकडे कलू द्यायची, म्हणजे नाळ (होडीचे पुढचे टोक) आपणहून वाऱ्याखाली वळते. मग जाइब, आणि पुढे शीट ओढत टॅककडे. मी आजवर सारे सुकाणूच्या जोरावर करत होते आणि आडवे धरलेले सुकाणू गतीला लगाम घालते, हे माझ्या होडीमागे उठलेल्या फेसातच दिसले. वजन आणि शीट जमल्यावर दुसऱ्या गिरकीसाठी होडीत गती शिल्लक राहू लागली.

दंड लगेच का घ्यावा, हे गुणांच्या हिशेबाने फार चांगले पटवले. मालिकेत 30 होड्यांची नोंद असेल आणि तक्रारीच्या सुनावणीत आपण बाद ठरलो, तर त्या शर्यतीचे 31 गुण माथी बसतात, आणि इथे जितके गुण कमी तितके चांगले. त्यापुढे गिरक्यांत गमावलेल्या दोन-चार जागा काहीच नाहीत. दुखापत किंवा गंभीर नुकसान झाले असेल, किंवा गिरक्या घेऊनही नियमभंगाचा मोठा फायदा पदरात उरत असेल, तर शर्यत सोडणे हाच दंड आहे. यावर चर्चा रंगात आली असतानाच वेळ संपल्याचे सांगून ती थांबवली, याची मला खंत आहे.

उणिवा दोन. स्पिनेकर (वाऱ्याबरोबर जाताना लावायचे मोठे, फुगणारे शीड) असलेली एकही होडी नसल्याने वाऱ्याबरोबर जाताना तो कधी उतरवायचा आणि दंड कुठे घ्यायचा, याचा सराव झाला नाही. दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. अंतिम रेषेजवळ दंड घेतला, तर शर्यत पूर्ण करण्यापूर्वी होडीचा सांगाडा पूर्णपणे रेषेच्या शर्यतीकडच्या बाजूला आलेला असला पाहिजे, ही अट केवळ फळ्यावर लिहून दाखवली. गर्दी आणि घाई सर्वाधिक असते ती तिथेच. पुढच्या वर्गात दोन बोयांची रेषा मांडून निदान एक तास हाच सराव घ्यावा, अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे, आणि तो घेणार असतील तर मी पुन्हा नाव नोंदवीन.